उंबऱ्याखाली

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

आज गेममधला बॅरन गेला. क्रोज पर्चच्या, त्याच्या गढीच्या, आवारात शिरले तर झाडाला लटकलेला. हेडफोन काढले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले. तो तिथेच होता.

'द विचर ३' हा व्हिडिओ गेम तसा २०१५ सालचा. तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरवर तो चालला नसता, म्हणून आत्ता खेळतेय, गेले तीन आठवडे, रात्रीची आवराआवर झाली की. आणि अजून वेलन नावाच्या त्यातल्या प्रांतातच आहे. दलदल, युद्धाने ओस पडलेली गावं, फांद्यांना टांगलेली माणसं. तिथला हा बॅरन, फिलिप स्ट्रेंगर. गेममध्ये जिला शोधायचंय त्या सिरीबद्दल सगळं सांगतो, पण आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे, म्हणतो. शोधता शोधता कळतं की हा दारू पिऊन बायकोला, ॲनाला, मारायचा. ती घर सोडून निघाली त्या रात्रीच्या झटापटीत तिचा गर्भ पडला. याने तो नुसता पुरून टाकला. नाव नाही, विधी नाही.

तोवर मी त्याच्यावर इतकी चिडले होते की बोलताना टोचणारं वाक्य दिसलं की तेच निवडायचे. मग ते पोर पिशाच्च होऊन वर आलं. तलवार काढून त्याला संपवायचं, नाहीतर बापाने त्याला उचलून घरी न्यायचं. मी बापाला उचलायला लावलं. रात्रीची वेळ, त्याच्या हातांत ते वळवळणारं, लालसर, अर्धवट शरीर. वाटेत भुतं अंगावर येतात, ती आपण मारायची. पोर बिथरलं की मंत्राने निववायचं. तो चालत राहतो. शेवटी दाराशी खणून त्याला उंबऱ्याखाली ठेवतो, क्षमा मागतो आणि तिचं नाव ठेवतो. डिआ.

हे गेमवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. स्टुडिओ वॉर्साचा आहे, आणि पोलंडच्या लोककथांत क्वोबुक नावाचा घर राखणारा जीव आहे. पडलेला गर्भ उंबऱ्याखाली पुरला की तो होतो, अशी समजूत. आमच्याकडे उंबऱ्यावर बसलं तरी आजी उठवायची.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. पाचव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, ते राहिलं. घरात तिचा विषय निघालाच तर 'ती', एवढंच म्हणतात. बॅरनने 'डिआ' म्हटलं तेव्हा मी रडले. त्याला माफ नाही केलं, आजही नाही. पण त्यानंतर टोचून बोलणं माझ्याच्याने होईना.

नंतरची टेकडी मात्र माझ्या मानगुटीवर बसलीय. झाडाखाली कोंडलेला एक आत्मा सांगतो: दलदलीतल्या तिघी चेटकिणी तिथल्याच अनाथ पोरांना खाणार आहेत, मला सोडव, मी वाचवतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा असं काहीच नव्हतं. पण पोरांना मी पाहिलं होतं, त्यांच्याशी बोलले होते. त्याला हवं ते सगळं आणून दिलं, कावळ्याचं पीस, हाडं, रानातली घोडी. ती घोडी झाडापासून उधळली तेव्हाच पोटात गोळा आला.

पोरं वाचली. पण सुटलेल्या आत्म्याने डाउनवॉरन गाव मारून टाकलं. पोरांना सांभाळणारी ती म्हातारी म्हणजे ॲनाच होती. पोरं हातची गेली म्हणून चेटकिणींनी तिला पाणचेटकीण करून टाकलं. शाप उतरवताना अनेक बाहुल्यांतली तिची बाहुली मी बरोबर ओळखली, ती माणसात आली, नवऱ्याशी आणि लेकीशी चार शब्द बोलली आणि गेली. मग आज बॅरन.

टेकडीच्या आधीची फाइल सेव्ह आहे, मंगळवारची. वीसेक मिनिटं तिच्याकडे बघत बसले. आत्म्याला मारलं तर ॲना जगते, भ्रमिष्ट होऊन का होईना, आणि बॅरन तिला उपचारांना घेऊन जातो, हे मी मघाशी वाचलं. पोरं मात्र जातात. मंगळवारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जे समोर होतं त्याला धरून वागले. आता ती फाइल उघडायची म्हणजे पोरांना जाणूनबुजून त्या तिघींच्या ताटात वाढायचं. नाही उघडली.

त्याऐवजी डाउनवॉरनला गेले. घोडा बाहेर ठेवून पायी. गावाच्या मुख्याने त्या दिवशी माझ्यासमोर सुरी घेऊन स्वतःचा कान कापून हातात दिला होता, चेटकिणींसाठी. कुरकुर न करता. त्यांचं देणं ते चुकवायचं, एवढंच त्याला माहीत. जिथे तो उभा होता तिथे जाऊन थांबले. त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला आणि मग लक्षात आलं की ते मी विचारलंच नव्हतं. त्याच्याशी बोलताना पडद्यावरही फक्त त्याचा हुद्दा येत होता.