बाई, गाडीला शू झाली

ही बातमी मला पहिलीतल्या एका चिमुरडीने दिली. प्रार्थना नुकतीच संपली होती. मी हजेरीचा कागद शोधत होते, तर ही माझी ओढणी ओढतेय. गंभीर चेहरा. "बाई, तुमच्या गाडीला शू झाली."

कडुनिंबाखाली जाऊन बघितलं, तर मुरमावर तळहाताएवढा काळा डाग. वाकून बघेपर्यंत वरून आणखी एक थेंब पडला.

मी नाशिकला राहते आणि सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रोजचं जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. गाडी 2015 ची, पेट्रोल, तेव्हा ब्याण्णव हजार पळालेली. आठच दिवसांपूर्वी मी तिची कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये सर्व्हिसिंग करून आणली होती. बिल 11,340 रुपये. त्यात ऑइल आणि फिल्टर तर होताच, शिवाय एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि "इंजिन ड्रेसिंग" होतं. इंजिन ड्रेसिंग म्हणजे काय हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता माहीत आहे. बॉनेटखाली चकचकीत स्प्रे मारतात. गळणाऱ्या इंजिनाला पावडर-टिकली करून पाठवलं होतं म्हणा ना.

दुपारी एका मुलाचे वडील दाखल्यासाठी आले. ट्रॅक्टर दुरुस्त करतात. काही न बोलता अंगातल्या शर्टासकट मुरमावर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. "बाई, खालचा नट गनने मारलाय. अन् वायसर जुनाच ठेवलाय. दाबून दाबून पापड झालाय त्याचा."

इंजिनच्या तळाला ऑइलचा पॅन असतो. त्यातलं ऑइल काढायच्या बोल्टखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची एक चकती असते, तोच वायसर. बोल्ट आवळला की ती थोडी दबते आणि फट बुजवते. एकदा दबलेली चकती पुन्हा तशी बसेलच असं नाही, म्हणून ऑइल बदलताना ती बदलायची. बस, इतकंच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सेंटरवर गेले. तिथे थंडगार लाउंज, कॉफीचं मशीन आणि वर्कशॉपकडे बघायला एक मोठी काच. काचेपलीकडे जायला ग्राहकांना मनाई. अर्ध्या तासाने सल्लागार टॅब घेऊन आला. "मॅडम, ऑइल पॅनचे आटे गेलेत. पॅन बदलावा लागेल. साडेसहा हजार, प्लस लेबर."

"आठ दिवसांपूर्वी बोल्ट तुम्हीच आवळलाय ना?"

"गाडी जुनी आहे ना मॅडम. असं करा, सरांचा नंबर द्या, मी त्यांना नीट समजावतो."

सर म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे आणि बॉनेटचा खटका कुठे असतो हे त्याला आजही मला विचारावं लागतं.

मी म्हटलं, ज्याने काम केलं त्या मुलाशी मला दोन मिनिटं बोलू द्या. नाही म्हणाला. "प्रोसेस नाहीये तशी." त्या दिवशी चिडले ती साडेसहा हजारांवर नाही, या वाक्यावर. काचेतून तो मुलगा मला दिसत होता. विशी-बाविशीचा असेल, एका गाडीखालून निघून दुसऱ्या गाडीखाली शिरत होता. त्याला ठाऊक असणार काय झालं ते. मला जाणून घ्यायचं होतं. आणि आमच्या दोघांच्या मध्ये टॅब घेतलेला एक माणूस उभा होता, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गाडी तशीच घेऊन निघाले ती थेट शिंगाडा तलावाला. नाशिककरांना सांगायला नको, गाड्यांच्या सामानाची दुकानं तिथे ओळीने आहेत. चौदाचा तांब्याचा वायसर मागितला. दुकानदार म्हणाला, एक काय नेता, पाच न्या. पंधरा रुपयाला एक. शेजारच्या दुकानातून सतरा नंबरचा रिंग पाना घेतला, टापरियाचा. आमच्याच सातपूरला त्यांचा कारखाना आहे, म्हणजे माहेरचा पाना.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. ओझरला विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये जॅक काढताना त्यांनी वरून बघितलं आणि बनियनवरच खाली आले. "अगं, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणार आहेस का? मुलांना बाई हवी आहे की नको?" आणि माझा रविवार तिथेच संपला. आधी दोन स्टँड विकत आणायला लावले. मग मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. गाडी जॅकने उचलायची, पण पेलायची स्टँडनेच. हात लावून हलवून बघायची आणि मगच खाली जायचं. हा भाग मी आजही त्यांच्याच क्रमाने करते.

ऑइल आठ दिवसांचं, फेकायचं जिवावर आलं. नवाकोरा टब घेऊन त्यात काढलं आणि स्वच्छ फडक्यातून गाळून परत ओतलं. काकांनी नाक मुरडलं. विमानात असलं चालत नाही म्हणे.

पण त्याआधी आटे बघायचे होते. टॉर्च तोंडात धरून मी पॅनच्या भोकात करंगळी फिरवली. आटे हाताला साफ लागत होते, एकापुढे एक, कुठे खाच नाही. बोल्ट पुसला, नवा वायसर घातला आणि पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवला. एक वेढा, दुसरा, तिसरा, चौथा. लोण्यासारखा आत गेला आणि वायसर टेकल्यावर थांबला. आटे गेलेला बोल्ट असा जात नाही, तो अडतो नाहीतर तिरका चढतो. साडेसहा हजारांचा पॅन ठणठणीत होता.

आवळायला काकांनी आपला टॉर्क रेंच दिला. माझ्या गाडीला हा बोल्ट 35 न्यूटन मीटरने आवळायचा आहे. तेवढा जोर आला की रेंच "टक्" करतो. काका म्हणाले, कारखान्यात हाताच्या अंदाजाला कोणी विचारत नाही. पण मी पडले गणिताची बाई. 35 भागिले पान्याची लांबी, माझा पाना साधारण 22 सेंटिमीटरचा, म्हणजे टोकाशी सोळा किलोच्या आसपास वजन. सिमेंटच्या गोणीचा तिसरा हिस्सा. त्यापुढे नाही. चाकाचे नट काढायची गन याच्या कितीतरी पट जोर लावते, ती या बोल्टवर चालवली की वायसरचा पापड होणारच.

सोमवारी मुरूम कोरडा.

तिथून मला चटकच लागली. केबिन फिल्टर, एअर फिल्टर, बॅटरी, वायपर ही तर पोळ्या लाटण्याइतकी सोपी कामं निघाली. खरी मजा आली ती जुलैत. कल्याणहून परत येताना कसाऱ्याच्या चढावर गाडी अचानक थरथरायला लागली. पाऊस मी म्हणत होता आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा चक्क उघडझाप करत होता. दिवा नुसता लागला तर सावकाश बघता येतं. उघडझाप करत असेल तर एखादा सिलिंडर पेट घेत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या महागड्या कन्व्हर्टरची वाट लावतंय. ॲक्सिलरेटर हलका ठेवून ट्रकांच्या मागे रांगत इगतपुरी गाठलं.

सेंटरला फोन केला, तर गाडी न बघताच उत्तर आलं: चारही कॉइल, चारही प्लग, "कदाचित इंजेक्टर", सोळा हजार धरून चला. मी सातशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर आणलं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात ते लावायचं आणि मोबाइलवर वाचायचं. कोड आला पी 0302. शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. आता दोष कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा, की आणखी कशाचा? कॉइलला दहा नंबरचा एकच बोल्ट आणि एक क्लिप. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसला, कॉलनीला एक चक्कर मारली. थरथर तशीच. पुन्हा वाचला, तर पी 0303.

पार्किंगमध्ये मी एकटीच टाळ्या वाजवल्या. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता! एक कॉइल बदलली, 2,100 रुपये. हे नववीच्या वर्गात शिकवावं इतकं सुंदर आहे.

ही साधनं आणि सुटे भाग असे सहज मिळायला हवेत, यावरून आपल्याकडे मोठं प्रकरण झालेलं आहे. बाहेरच्या गॅरेजना अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत, म्हणून ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. मला हे कळलं तेव्हा लाउंजमधली ती काच आठवली.

आता माझंही सांगते. मे महिन्याच्या सुट्टीत ऑइल बदललं, या वेळी फिल्टरसकट. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावलं, हाताने बसवला, रबर टेकल्यावर पाऊण वेढा. अगदी पुस्तकी. गाडी चालू केली आणि दहा सेकंदांत खालून धबधबा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर दुसरी चढवली होती. गाडी बंद करेपर्यंत दीड-दोन लिटर नवं ऑइल सोसायटीच्या फरशीवर. वॉचमनने वखारीतून पोतंभर भुसा आणला. सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला. सेंटरवाल्यांनी थेंब पाडले होते, मी तर नदी काढली. नवरा गॅलरीतून म्हणाला, "सरांचा नंबर देऊ का?"

तेव्हा काचेपलीकडच्या त्या मुलावरचा माझा राग पार गेला. दिवसाला सात-आठ गाड्या उरकताना एक वायसर राहणारच. टॅबवाल्यावरचा मात्र अजून आहे.

एअरबॅग, एसीचा गॅस, क्लच यांना मी हात लावत नाही. ब्रेकसाठी कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते, तिथे स्टूल टाकून शेजारी बसता येतं आणि काढलेलं लायनर हातात मिळतं. जुनं ऑइलही कॅनमध्ये भरून त्यांच्याच पिंपात देते. ते गटारात ओतू नका, कायद्याने तो घातक कचरा आहे.

शाळेत आता गाडी लागली की पहिलीची तीन-चार जणं आधी खाली वाकून बघतात. परवा उन्हात एसी लावून आले होते. मागून आरडाओरडा, "बाई, झाली! झाली!" ती चिमुरडी आता दुसरीत गेलीय. मी म्हटलं, हात लाव आणि वास घे. तिने बोट बुडवलं, नाकाशी नेलं, फ्रॉकला पुसलं.

"पाणीच आहे," ती म्हणाली. चेहरा पार पडला होता.