काळी रेघ

शाळेविषयी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आले ते भूगोलाचे सर. त्यांच्यामागून शाळेमागचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

सर 1:50,000 चा सर्वेक्षणाचा नकाशा फळ्यावर टांगत. बारमाही पाण्याची रेघ निळी, आटणाऱ्याची काळी. आपला पऱ्ह्या काळा. दोन सेंटिमीटर म्हणजे किलोमीटर, दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीचा फरक 20 मीटर. सड्यावरून, म्हणजे वरच्या सपाट कातळावरून, उतरताना पहिल्या दोन सेंटिमीटरांत रेघ पाच समोच्च रेषा ओलांडते, म्हणजे किलोमीटरमागे 100 मीटर उतार. पुढे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीपर्यंत एकही नाही. म्हणून वर धोंडे, मध्ये गोटे, खाली चिखल.

पाऊस गेल्यावरही तो वाहतो कसा? सड्याचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी मुरतं. खालच्या चिकण थराशी अडतं आणि तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथे झरतं. झरे साधारण एकाच उंचीवर सापडतात ते त्यामुळेच. सड्यावर चिरेखाण सुरू झाली की ही टाकीच उचलली जाते.

सरांचा खरा तास पाण्यात. मोजणीला सरळ तुकडा निवडायचा. डोह नको, पाण्यात लोंबणारी मुळं नकोत. 10 मीटरांवर दोन दोऱ्या ताणायच्या. सुकं पान सोडायचं नाही, ते वाऱ्याच्या मर्जीने जातं. थोडं पाणी भरून बूच लावलेली प्लॅस्टिकची बाटली मधून आणि दोन्ही कडांनी सोडायची. भोवऱ्यात फिरली ती वेळ बाद. सरासरी 25 सेकंद, रुंदी 2 मीटर, सरासरी खोली 15 सेंटिमीटर. 10 ला 25 ने भागून वेग काढायचा, त्याला रुंदीने आणि खोलीने गुणायचं आणि वर 0.85 ने गुणायचं, कारण तळाशी पाणी घासत, हळू जातं. उत्तर सेकंदाला सुमारे 100 लिटर. खोली फक्त मधोमध मोजली तर आकडा हमखास फुगतो.

एकदा खालच्या अंगाला, खाजणाजवळ (भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीजवळ), सोडलेली बाटली प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेला आली. वर्ग हसला. सरांनी शांतपणे विचारलं, "आज तिथी कोणती?" चतुर्दशी. "14 ला पाऊणने गुणा." साडेदहा, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. घड्याळात दहा वाजत होते. मग त्यांनी वरचं पाणी चाखायला लावलं: गोडं. काठीला बांधलेल्या बाटलीने तळचं काढलं: खारट. खारं जड, म्हणून ते खालून घुसतं. खाडीकाठची चिपीची झाडं जिथून सुरू होतात तिथवर त्याची पोच.

पुढे नोकरीत यंत्रं लावून मोठ्या नद्या मोजल्या. पण हा हिशेब सुटला नाही, आणि गावी गेलो की पहिली नजर पऱ्ह्यावरच्या साकवाकडे. साकव आता नाही, दोन नळ्यांची मोरी आहे. पुराच्या पाण्याला जेवढी जागा लागते तेवढं नळ्यांचं तोंड नाही. जुलैत फांद्या अडकतात, पाणी रस्त्यावर चढतं आणि बाजूची दरड खातं. खालच्या तोंडाशी खड्डाही पडलाय, मासा वर चढत नाही.

सरांनी कातळावर गेरूने आखलेली 10 मीटरांची टोकं त्याच मोरीच्या भरावाखाली गेली. कुणा शिक्षकांना मुलं न्यायचीच असतील तर वरच्या वाकापलीकडे, जांभळीच्या पुढे, सरळ तुकडा आहे. नोव्हेंबरात जा, पाणी गुडघ्याखाली असतं.