हलगी तापेपर्यंत

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

स्मिता पाटीलना जाऊन आज ३८ वर्षं झाली. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे आमच्या अमळनेरकडे अजून ‘आपली स्मिता’ असंच म्हणतात. रात्री जेवणं आटोपून मुलांसाठी ‘जैत रे जैत’ लावला. १९७७ सालचा सिनेमा बघायला मुलं तयार होणार नाहीत असं हिचं म्हणणं होतं. थोरला खरंच मोबाईल घेऊन बसला होता. पण मोहन आगाशेंचा नाग्या ढोल वाजवायला लागला आणि धाकटी रजईतून बाहेर येऊन पार टीव्हीपुढे जाऊन बसली.

गंमत अशी की गोष्ट सह्याद्रीतल्या ठाकरांची, गाणी लिहिणारे कवी ना. धों. महानोर आमच्या शिवेवरच्या पळसखेडचे शेतकरी आणि नायिका शिरपूरच्या घरातली. खान्देशात बसून हा सिनेमा परका वाटतच नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती झाली, सारंगखेड्याची यात्रा भरली. सकाळच्या गाडीने दोंडाईचा, पुढे एसटी. आत्याला चल म्हटलं तर ती गोधडीतूनच म्हणाली, “माले थंडी वाजस रे भो, तुमी जाई या.”

एकमुखी दत्ताचं दर्शन, मग घोड्यांचा बाजार. घोड्यांतलं मला काही कळत नाही. किमती ऐकल्या आणि पुढे सरकलो. मला ओढ तमाशाची होती.

कनातीच्या मागे शेकोटी पेटली होती आणि हलगीवाला हलगी तापवत बसला होता. तापीकाठची रात्रीची हवा दमट, चामडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बद्द येतो. तो हलगी आचेसमोर धरायचा, फिरवायचा, बोटाने टिचकी मारून बघायचा, नाक मुरडून परत धरायचा. आत लोक शिट्ट्या मारत होते. मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेला, पण गडी काही हलला नाही. मी भजनी मंडळात तबला वाजवतो, त्यामुळे मी त्याच्या बाजूचा. शेवटी टिचकी खणखणीत वाजली तेव्हाच तो उठला.

गण चांगला झाला. गवळणीत पेंद्या अहिराणीत बोलायला लागला आणि मंडप हसून लोटपोट झाला. गवळणींची मावशी त्याच्याहून वरचढ निघाली. त्यानंतर मात्र फिल्मी गाण्यांवरचे नाच सुरू झाले, स्पीकर इतका मोठा की ढोलकी नुसती दिसत होती. शेवटच्या वगापर्यंत, म्हणजे नाटकापर्यंत, थांबण्यात अर्थ नव्हता.

परतीच्या वाटेवर फोनवर बातमी आली, झाकीर हुसेन गेले. लगेच दुसरी, की नाही, अजून आहेत. डब्यात चार लोक चार बातम्या वाचून दाखवत होते.

१६ डिसेंबर

खरं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत, ७३ व्या वर्षी. याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतली होती त्यांनी.

ऑफिसातून आल्यावर तबला काढला. माझा चढलेला निघाला, म्हणजे सूर वर गेलेला. तिकडे नदीकाठी चामडं सैल पडतं आणि इकडे कोरड्या घरात तीच थंडी पुडीचं चामडं ताणून धरते. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, खालून हातोडीचे हलके ठोके दिले, वाद्यांखालचे लाकडी गट्टे थोडे सरकवले. सुरात आल्यावर नुसता तीनताल वाजवला, कायद्यासारखी मोठी रचना वगैरे काही नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “आज बंद करू नका लवकर.” एरवी हिचं वाक्य उलटं असतं.

२४ डिसेंबर

रफीसाहेबांची जन्मशताब्दी. रेडिओवर दिवसभर तेच, आणि काही तक्रार नाही. काल दिग्दर्शक श्याम बेनेगल गेले. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून त्यांचा ‘मंथन’ काढला होता, हे मुलांना सांगितलं. थोरल्याने लगेच हिशेब केला, “म्हणजे फक्त दहा लाख?” त्यातही स्मिता आहे, हे त्याला बघितल्यावर कळेल.

संध्याकाळी मित्राच्या शेतात भरीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर हिरवी वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या होत्याच. जेवणानंतर एकाने कराओके लावला. मागे साठ व्हायोलिनं वाजतात आणि पुढे आमचा हा गळा, म्हणजे ट्रॅक्टरला रथाची छत्री. यंत्र बंद करायला लावलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरला. मग तोच माणूस रफींची तीन गाणी इतकी गोड गायला की शेजारच्या शेतातला राखणदार काठी घेऊन येऊन बसला. त्यालाही भरीत वाढलं.

जानेवारीचा पहिला शनिवार

जळगावचा बालगंधर्व महोत्सव. बालगंधर्वांच्या लहानपणीची काही वर्षं जळगावात गेली, गाण्याचे पहिले धडेही इथलेच. संभाजी राजे नाट्यगृह बंदिस्त, म्हणून या वेळी आत्या आली. स्वेटर, शाल, कानटोपी, वर हिचीही शाल.

तबलजीने तबला सुरात लावायला भरपूर वेळ घेतला. मागचे लोक कुजबुजायला लागले, “सुरू करा की!” मला मात्र तेवढा वेळ फार आवडतो. षड्ज हळूहळू जागेवर येतो, तानपुऱ्यात मिसळतो, आणि एका ठोक्याला सगळं जुळतं. तरुण गायिका होती. यमन रागाचा संथ विलंबित ख्याल सुरुवातीला जरा घाबरत गायली, जलद द्रुतमध्ये मोकळी झाली. शेवटी नाट्यगीत म्हटलं तेव्हा आत्याने कानटोपी काढून ठेवली, लहानपणी रेडिओवर ऐकलेलं तिला सगळं पाठ.

रात्री मेहुणीच्या घरी पोहोचल्यावर आत्याला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, “पहिलं भलतं लांबडं व्हतं. पन सेवट गोड.” आणि उद्या शेवटालाच नेऊन सोड, असंही.