डेटा सेंटरवर कर लावा, पण पैसे कुठे जाणार ते आधी लिहून घ्या

डेटा सेंटरवर, म्हणजे इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या हजारो कॉम्प्युटरांच्या (सर्व्हरच्या) इमारतींवर, पर्यावरणाचा कर लावायचा का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ हो आहे, लावायलाच पाहिजे. पण मी गोव्यातल्या डिचोलीची, खाणपट्ट्यात वाढलेली, त्यामुळे कर म्हटलं की दुसरा प्रश्न लगेच येतो, पैसे कुठल्या खात्यात जाणार आणि ते कशावर खर्च करायचे हे कायद्यात लिहिलंय का?

माझा आतेभाऊ ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघतो. त्याने समजावून सांगितलं तेव्हा मला खरं चित्र कळलं. सर्व्हर चोवीस तास तापत असतात, ती उष्णता पाण्यात घेतात, ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये पंख्याखाली शिंपडतात, थोडं वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं थंड होऊन परत फिरतं. पण वाफ झाली की क्षार मागे राहतात, ते वाढले की पाईपात खपल्या धरतात, म्हणून अधूनमधून ते पाणी सोडून द्यायचं आणि नवीन भरायचं. ‘ताई, रोज मेकअप वॉटर, म्हणजे हे नवीन भरायचं पाणी, किती लागलं त्याचं रीडिंग मीच लिहितो,’ म्हणाला.

पाणी नको असेल तर नुसत्या हवेवर गार करणारी सिस्टीम पण असते, मात्र तिला वीज जास्त लागते. म्हणजे नुसत्या पाण्यावर कर लावला तर कंपनी विजेकडे वळणार आणि नुसत्या विजेवर लावला तर पाण्याकडे, म्हणून दोन्हींवर एकत्रच लावायला हवा.

हिशेब करून बघा. 100 मेगावॅटचं सेंटर पूर्ण लोडवर चाललं तर दिवसाला 24 लाख युनिट. युनिटमागे एक लिटर पाणी धरलं तरी रोजचं 24 लाख लिटर, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकरची वाट बघत लोक घागरी मांडून बसतात. जगाचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये डेटा सेंटरांनी साधारण 415 टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि 2030 पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. एकूण जगात दीड टक्का छोटा वाटतो पण ही सेंटरं एका जागी गर्दी करतात ना. आयर्लंडमध्ये 2015 ला देशाच्या विजेपैकी 5 टक्के त्यांच्याकडे जायची, 2023 ला 21 टक्के!

आता गोव्याचं बघा. आपल्याकडे स्वतःची वीजनिर्मिती जवळजवळ नाहीच, छत्तीसगडमधलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल अशा लांबच्या कोळशाच्या केंद्रांतून येते. म्हणजे उद्या इथे सेंटर आलं तर पाणी आपलं जाणार, तारांसाठी झाडं आपली तुटणार (मोलेंच्या जंगलातून छत्तीसगडच्या तमनारची विजेची लाईन नेण्यावरून 2020 मध्ये लोक रस्त्यावर आले होते ते आठवतं ना) आणि राख मात्र कोरब्याच्या लोकांच्या अंगणात पडणार. म्हणून मला वाटतं की कराचा सगळा पैसा इथेच ठेवणं पण बरोबर नाही. पाण्याचा भाग तालुक्याला आणि कोळशाच्या विजेचा भाग जिथे कोळसा जळतो तिथल्या लोकांना. आपण खाणीची धूळ खाल्लेली माणसं, आपल्याला हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको.

पैसे भलतीकडे जातात ही नुसती शंका नाही. केंद्राने 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये सेस (उपकर) लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून, तो वाढत वाढत 2016 ला 400 झाला. त्यातला बराच पैसा त्या कामाला लागलाच नाही, आणि 2017 ला जीएसटी आल्यावर त्याच्या जागी जो सेस बसला तो राज्यांच्या महसुलाची नुकसानभरपाई द्यायला! कोळसा तसाच जळत राहिला, लोकांनी पैसे भरले, आणि ज्या कामासाठी भरले ते काम मागे पडलं. मला याचा खरंच राग येतो.

उलट चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खनिज विक्रीच्या रकमेतले 10 टक्के कायमस्वरूपी फंडात टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. रक्कम, फंड आणि कारण, तिन्ही एकाच आदेशात. डेटा सेंटरचा कर असाच पाहिजे.

यावर लोक म्हणतात की कर लावला तर कंपनी दुसऱ्या राज्यात जाईल. जाईलही, कारण राज्यांची सवलती देण्याची चढाओढ चालू आहे, महाराष्ट्र तर वीज शुल्क पण माफ करतो. म्हणूनच किमान दर केंद्राने ठरवावा, म्हणजे पळायला जागा राहणार नाही. स्वीडनने डेटा सेंटरांना विजेच्या करात सूट दिली होती ती 2023 मध्ये काढून घेतली, तेव्हा दिलेली सवलत परत घेता येते.

दर सगळ्यांना सारखा नको. सांडपाणी शुद्ध करून वापरलं तर कमी, नळाचं गोडं पाणी वापरलं तर जास्त, आणि फेब्रुवारी ते मे त्याहून जास्त. मोजणं अवघड आहे असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे, आतेभावाच्या प्लांटमध्ये प्रत्येक लाईनला मीटर आहे, आकडे दर तासाला नोंदले जातात. ते आकडे महिन्याच्या महिन्याला पंचायतीच्या बोर्डावर लागले पाहिजेत. आमच्या भागात असा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत मी पहिली मागणी हीच करणार, परवानगीचा विषय त्याच्यानंतर.