टोपलीत परत आलेल्या टॉर्टिया

ह्यूस्टनच्या पूर्वेकडच्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटात मी नऊ वर्षं फ्लोअर मॅनेजर आहे. बुकिंग, टेबलं, तक्रारी, रात्रीचा हिशेब, सगळं माझ्याकडे. चिडलेली गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण १० मे २०२४ ची संध्याकाळ डोक्यातून जात नाही, आणि त्या टेबलावर तर कुणी आवाजही चढवला नव्हता.

मेक्सिकोत मातृदिन १० मे लाच असतो, वार कोणताही असो. अमेरिकेतला मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. म्हणून बहुतेक वर्षी आमच्याकडे एकाच आठवड्यात दोनदा आयांची गर्दी होते. रविवारी कुणीही येतं. दहा तारखेला येतात ती मेक्सिकन घरं, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती. सकाळी आईला फोन केला तेव्हा इस्लामपुरात रात्र व्हायला आली होती. आमरस कसा झाला, पुरण कसं जमलं, सगळं तिनं सांगितलं. मग विचारलं, "तू काय खाल्लंस?" मी विषय बदलला.

झालं ते पाच दिवस आधी सुरू झालं होतं. ५ मे, सिंको दे मायो. १८६२ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराजवळ मेक्सिकन फौजेनं फ्रेंचांना हरवलं, त्याची आठवण. मेक्सिकोत पुएब्लाबाहेर त्याचं फारसं काही नसतं, पण अमेरिकेत तो मार्गारिटा कॉकटेल पिण्याचा दिवस झाला आहे. २०२४ ला तो रविवारी आला. दुपारी बारापासून दाराबाहेर रांग. एवढ्या गर्दीला हातच्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, पुरणार नाहीत म्हणून मालकांनी घाऊक बाजारातून पाकिटबंद मक्याच्या टॉर्टिया मागवल्या. रात्री गल्ला मोजला तेव्हा मालक खुश होते. एकाही टेबलावरून टॉर्टियाबद्दल तक्रार आली नव्हती. लोक नाचो आणि फहितांवर, म्हणजे गरम तव्यावरच्या मांसाच्या पट्ट्यांवर, तुटून पडले होते, टोपलीकडे लक्ष कुणाचं? सोमवारी त्यांनी सांगून टाकलं: आता पाकिटंच. चक्की बंद. डोन्याचे तास निम्मे.

डोन्या म्हणजे आमच्या टॉर्टिया करणाऱ्या बाई. वयानं साठीच्या पुढच्या, म्हणून सगळे त्यांना डोन्या म्हणतात. पहाटे चारला यायच्या. आदल्या रात्री पांढरा मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच झाकून ठेवलेला असायचा. चुना म्हणजे आपला विड्याचाच. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम. रात्रभरात दाण्याची साल सुटते. सकाळी हातानं चोळून धुवायचा, दगडी चक्कीतून ओला दळायचा. याला निक्स्तामाल म्हणतात. नावात नाहुआत्ल भाषेतली राख आहे, कारण पूर्वी राखही वापरत. चुन्यामुळे पीठ चिकटून येतं, नाहीतर मक्याच्या पिठाची भाकरी थापताना किती फुटते हे आपल्या बायकांना सांगायला नको. आणि चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही रीत मागे राहिली, तेव्हा मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या कमतरतेचा रोग, पेलाग्रा, झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अमेरिकेच्या दक्षिणेतही लोक त्यानं मेले. एवढं शहाणपण त्या चुन्याच्या पाण्यात आहे.

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांचे आजोबा मोंतेर्रेईचे. उत्तर मेक्सिकोत गव्हाची टॉर्टिया खातात, तीच ते खात वाढले. मक्याच्या टॉर्टियाला वास असतो, तो जातो, हे त्यांना खरंच जाणवत नव्हतं. शिवाय मजुरी, वीज, झिजलेले चक्कीचे दगड, सगळे आकडे त्यांच्या बाजूनं होते. मी त्या सोमवारी "बघा, लोक बोलतील" एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. तिथे मी भांडायला हवं होतं.

तर शुक्रवारची संध्याकाळ. साडेसहाला चौदा नंबरचं टेबल, आठ माणसं. मध्ये एक आजी, ऐंशीच्या आसपास, करड्या केसांची बारीक वेणी, खांद्यावर शाल. मुलानं तीन आठवडे आधी बुकिंग केलं होतं आणि फोनवर आवर्जून सांगितलं होतं की आई पुएब्लाची आहे, तिला हातच्या टॉर्टिया मिळतात म्हणून तुमच्याकडे आणतोय. ते वाक्य मी स्वतः बुकिंगच्या वहीत लिहिलं होतं.

मी बाजूच्या टेबलावर पाणी देत होते. टोपली आली. आजींनी फडकं उघडलं, वरची सोडून मधली टॉर्टिया घेतली, कारण मधली गरम असते. बोटावर दुमडली. घडीवर ती सरळ रेषेत चिरली. आजींनी ती नाकाजवळ नेली, एकदाच. मग परत टोपलीत ठेवली आणि फडकं चारी बाजूंनी नीट झाकून टाकलं.

माझी आजी दुसऱ्याच्या घरी शिळी भाकरी पानात आली की असंच करायची. काही बोलायची नाही. भाकरी ताटाच्या कडेला सरकवायची आणि भात मागायची.

एन्चिलादा आल्या. हा पदार्थ खरं तर सोपा आहे: टॉर्टिया गरम तेलातून क्षणभर काढायची, ग्वाहियो-आंचो मिरचीच्या रश्शात बुडवायची, सारण भरायचं, लगेच वाढायची. गर्दीत आमच्या किचननं त्या दुपारीच भरून, रस्सा ओतून ट्रेमध्ये लावून ठेवल्या होत्या. ट्रे नियमाप्रमाणे १३५ फॅरनहाइटच्या वर होता, तपासणीला आलेल्या माणसानं काही काढलं नसतं. पण पाकिटातली टॉर्टिया तासभर रश्शात बसली की तिचा लगदा होतो. आजींनी काटा लावला तर पदर उचललाच गेला नाही, चमच्यानं खावं लागलं. दोन घास खाऊन त्यांनी काटा ठेवला आणि नातवाचे केस सारखे करत बसल्या.

त्याच वेळी बावीस नंबरवर थंड फहितांवरून ओरडा चालला होता. मी गेले, माफी मागितली, नवीन तवा आणवला, बिलातून रक्कम काढली. दहा मिनिटांत मिटलं. ओरडणाऱ्याचं मिटवता येतं.

चौदा नंबरला परत आले. मुलाला विचारलं, सगळं ठीक? "हो हो, छान आहे," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी आजींच्या खुर्चीजवळ वाकून स्पॅनिशमध्ये विचारलं, "आजी, टॉर्टिया आवडली नाही ना?" त्यांनी माझा हात धरला. "मिहा," म्हणजे पोरी, "हिला मक्याचा वास नाही." मुलगा ओशाळला, "आई, असू दे." मला मान वर करवेना.

किचनमध्ये डोन्या कांदा चिरत होत्या. निक्स्तामाल नव्हताच, आदल्या रात्री मका भिजवलाच नव्हता. कपाटात तामालेसाठीचं कोरडं मासा पीठ होतं, तेही चुन्यातल्या मक्याचंच, पण वाळवून दळलेलं. मी काय झालं ते सांगितलं. डोन्यांनी हात धुतले, कोमट पाणी घेतलं, पीठ मळलं, झाकून ठेवलं. तव्याला, म्हणजे कोमालला, आच लावली. शेफ म्हणाला, ऑर्डरची तिकिटं तुंबलीत. डोन्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. आठ टॉर्टिया केल्या, माणशी एक. शेवटच्या पलटीला बोटांनी हलकंच दाबलं की टम्म फुगायच्या.

टोपली मी स्वतः नेली. आजींनी एक उचलली, मीठ भुरभुरवलं, गुंडाळी केली आणि काही न लावता तशीच खाल्ली. "कोरड्या पिठाची आहे," म्हणाल्या. मग, "कुणी केली?" मी डोन्यांना बाहेर बोलावलं. दोघी जणी टेबलाच्या कोपऱ्यावर बोलत राहिल्या, दोघींची गावं एकाच डोंगराच्या दोन अंगांना निघाली. मी बिल घेतलं नाही. मुलानं टेबलावर पैसे ठेवले ते मी दारापर्यंत जाऊन परत दिले. जाताना तो हळूच म्हणाला, "ती पुढच्या महिन्यात गावी परत जातेय."

रात्री साडेअकराला मी मालकांना भांड्यांच्या जागी नेलं. त्या दिवशी टेबलांवरून परत आलेल्या टॉर्टिया मी पोरांना वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. दोन मोठे टब भरले होते. मालकांनी वरची उचलली, दुमडली. ती त्यांच्याही हातात चिरली. "रविवारी दिवसभर असं होत होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रविवारी कुणी खाल्ल्याच नाहीत, म्हणून कळलं नाही." ते बराच वेळ टबाकडे बघत उभे राहिले. मग आकड्यांवर आले. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवार ते रविवार चक्की चालेल, दगडांना टाकी लावून घ्यायची, डोन्याचे तास त्या दिवसांपुरते पूर्ण. बाकीचे दिवस कोरडं मासा पीठ, पण हातानं केलेली. पाकिटं बंद.

शनिवारी रात्री मी शिफ्ट संपूनही थांबले. चुना पाण्यात कालवून मक्यावर ओतला की पांढरा दाणा बघता बघता पिवळा होतो, ते मी नऊ वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहिलं. ओल्या मक्याचा वास सबंध किचनमध्ये पसरला.

बुकिंगच्या वहीत त्या मुलाचा नंबर होता. सोमवारी मी फोन केला, उचलला नाही. निरोप ठेवला की टॉर्टिया पुन्हा निक्स्तामालच्या होतात, आई जायच्या आधी एकदा घेऊन या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा केला. ते आले नाहीत.