थायरॉइड होता की घाबरण्याचा आजार?

“तुम्हाला तेव्हा नक्की काय झालं होतं, थायरॉइड की मनाचं काही?” मालवणच्या बाजारात, पालकसभेनंतर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला विचारला जातो, आणि विचारणारीच्या मनात बहुधा स्वतःच्या किंवा मुलीच्या धडधडीची काळजी असते. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर उत्तर देते.

बिघाड गळ्यातल्या ग्रंथीत होता आणि भीतीही खरी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कळायला माझ्या घराला आठ महिने लागले.

श्रावणात वजन उतरू लागले, ते सर्वांनी गणपतीच्या धावपळीच्या खाती टाकले. घामाचे तर किनाऱ्यावर कोणालाच नवल नसते. पण पौषात घरची माणसे गोधडीत असताना मी पहाटे उघड्या पडवीत बसून वारा घेत असे, दुप्पट जेवूनही हाडे दिसू लागली होती आणि फळ्यावर लिहिताना खडू थरथरत असे. रात्री तीनच्या सुमारास छातीतल्या धडधडीने जाग येई आणि मग मन तिच्यासाठी कारण शोधू लागे: दीर होडी घेऊन गेले आहेत आणि वारा फिरला आहे, मुलाचा मुंबईहून फोन आलेला नाही. धडधड आधी येत होती आणि काळजी तिच्या मागून. हा क्रम कोणी विचारला नाही आणि मलाही तो सांगण्यासारखा वाटला नाही. सासूबाईंनी मायेने देवाला गाऱ्हाणे घातले, एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या मिळाल्या, आणि “मनाला लावून घेऊ नका” हे तर प्रत्येकाने सांगितले.

पुढे ज्या डॉक्टरबाई भेटल्या, त्यांनी प्रथम माझे तळवे हातात घेतले. काळजीने घाबरलेल्या माणसाचे हात बहुधा गार आणि ओले असतात. माझे ऊन होते. ताठ धरलेल्या बोटांवर त्यांनी कागद ठेवला, तो थरथरत राहिला. मग मी गाढ झोपेत असताना नाडी मोजायला त्यांनी यजमानांना सांगितले आणि ती मिनिटाला 108 भरली. केवळ चिंता असेल तर झोपेत नाडी सहसा उतरते. ग्रंथी अतिकाम करत असेल तर ती झोपेतही धावते. हा पुरावा नव्हे, खूण आहे. रक्ततपासणीत टीएसएच 0.01पेक्षा कमी आले, जे साधारणपणे 0.4 ते 4 असते. येथे अनेकींची गल्लत होते. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. थायरॉइड आधीच भरमसाट संप्रेरक ओतत असेल तर हुकूम थांबतो, म्हणून आकडा कमी म्हणजे थायरॉइड जास्त.

हे वाढलेले संप्रेरक हृदयाला अ‍ॅड्रिनॅलिनबाबत हळवे करते. अ‍ॅड्रिनॅलिन नेहमीइतकेच असते, पण हृदय त्याला अधिक जोराने उत्तर देते. घाबरल्यावर शरीर जे करते ते सर्व शरीर आधीच करून बसते आणि मन त्याचा अर्थ लावते. म्हणूनच अ‍ॅड्रिनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलने माझी धडधड थोड्याच दिवसांत शमली (दमा असणाऱ्यांना हे औषध चालत नाही), तर मूळ रोगावरच्या कार्बिमाझोलला कित्येक आठवडे लागले. कार्बिमाझोल घेताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, हे मी प्रत्येकीला बजावते.

माझा रोग ग्रेव्ह्ज नावाचा. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 साली त्याचे वर्णन केले, त्यातील वीस वर्षांच्या एका स्त्रीची लक्षणेही आरंभी हिस्टेरियाची मानली गेली होती आणि तिची नाडी विलक्षण जलद असल्याचे सुमारे तीन महिन्यांनी ध्यानात आले. हे वाचले तेव्हा मला रडू आले.

“रोज मासे खाऊन थायरॉइड कसा?” हेही विचारतात. मासळीतून आयोडीन मिळते, पण ग्रेव्ह्जमध्ये शरीराचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) ग्रंथीला चेतवतात, आणि ते मासळीने टळत नाही. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही ग्रंथी अशी भरकटू शकते. थायरॉइड कमी असणाऱ्यांना सुस्ती आणि उदासीनतेबरोबर अस्वस्थताही येते, आणि त्यांची गोळी प्रमाणाबाहेर झाली तर धडधड सुरू होते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी सांगा. त्याने अहवाल खोटाच जास्त थायरॉइडचा दिसू शकतो.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. आकडे नीट झाल्यावरही काही महिने मला तरीत बसण्याची भीती वाटे, कारण एकदा खाडीच्या मध्यावर धडधड उसळली होती आणि शरीराने ती जागा लक्षात ठेवली होती. त्यासाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले आणि त्याचा मला गुण आला. म्हणून मुलीला घेऊन येणाऱ्या आईला मी टीएसएच आणि फ्री टी-4 (रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक) तपासायला सांगते, आणि अहवाल चांगला आला तर “काही झालेलं नाही” असे म्हणून तिला घरी बसवू नका, हेही सांगते. तिची धडधड तेव्हाही खरीच असते आणि तिच्यावरही उपचार असतात.