तुम्ही विचारलंत म्हणून: रूटची फाईल मी का देत नाही

शिष्टपणा नाही, कंजूषपणा नाही, आणि ‘सगळं रान हिलाच हवं’ हा प्रकार तर मुळीच नाही. तरी रविवारच्या सायकलफेरीचा फोटो टाकला की सोमवार सकाळपर्यंत निरोप येतातच: भारी रूट आहे, गाड्या नाहीत, नदी आहे, झाडी आहे, जीपीएक्स (फिरलेल्या वाटेची रेघ असलेली जीपीएस फाईल) पाठवा ना. नाही म्हटलं की पुढचा निरोप जरा तिरका असतो. परवा एकानं तर सरळ लिहिलं, “रस्ता काय तुमच्या सासऱ्यांचा आहे का?” नाही हो. माझ्या सासऱ्यांचा नाही. कुणाच्या तरी सासऱ्यांचा मात्र आहे, आणि तिथंच सगळी अडचण आहे.

जे खुशाल सांगते ते आधी सांगून टाकते. थंडीत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या आसपासच्या गावांतून फिरा. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तो पाणथळ भाग, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला. आशेवाडीकडून रामशेजच्या पायथ्याला जा. मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला सायकलवाल्यांना काही करत नाही. पावसाळा सरला की हरसूल-पेठकडे सागाचं रान आणि मधूनमधून खुरासणीचे पिवळे तुकडे. या रस्त्यांची कुणी परवानगी मागत नाही, आणि माझ्या फाईलचीही गरज नाही.

पण तुम्हाला हवा असतो तो फोटोतला मधला तुकडा. तो कधी पाटाच्या कडेची पाटकऱ्याची वाट असतो, कधी पाणंद, कधी दोन मळ्यांमधला बांध. 40 मिलिमीटरचा टायर, हवा 30-35 पीएसआय, आत बाभळीच्या काट्यांची भोकं बुजवायला सीलंट. मग मुरमावर चाक कसं सरसरत जातं हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून तर मागता. फक्त ‘ट्रॅफिक नाही’ म्हणता तेव्हा मला हसू येतं. द्राक्षबागांच्या गोडी छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही पाणंदीत सकाळी सातला उभे राहा. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांनी भरलेली पिकअप, फवारणीचा ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर, दुधाची मोटारसायकल, मोकळी कुत्री. उसाचा पट्टा असेल तर बिबट्याही. फक्त आपल्यासारखी माणसं नसतात, एवढंच.

इटलीत टस्कनीमध्ये 1997 पासून ‘लेरोइका’ नावाची सायकल राइड होते. तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये, हा तिच्यामागचा एक हेतू. ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगची, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही 2022 मध्ये इटलीतच झाली. हे सगळं डोक्यात घेऊन मी एका मळ्यात चहा पिताना म्हटलं होतं, ही वाट अशीच राहू दे, डांबर नको. समोरचे बाबा म्हणाले, “मग पावसाळ्यात बाळंतीण तुम्ही न्या खांद्यावर.” जुलैत काळी माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही. मी सायकल उचलून मागं फिरते आणि घरी येऊन पोहे खाते. त्यांचं घरच त्या चिखलाच्या पलीकडे. सरकारनं 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती काही आपल्या टायरांसाठी नव्हे. तेव्हा वाटा ‘वाचवण्या’बद्दल माझ्याशी बोलू नका. मला त्या हव्या आहेत तशाच हव्या आहेत, आणि तसं हवं असण्याची लाजही वाटते.

आता ती गोष्ट. तालुका दिंडोरी, गाव सांगणार नाही.

दोन भावांचे मळे लागून आहेत. मोठ्याच्या द्राक्षबागेच्या कडेनं जुनी गाडीवाट जाते, ती धाकट्याच्या वस्तीवर आणि पुढं नदीला उतरते. गावनकाशावर ती आहे, गाडीवाटेची असते तशी दुहेरी तुटक रेघ; मी काढून पाहिला होता. मोठ्याच्या ओट्यावर मावशी मला चहा द्यायच्या, हंगामात ओंजळभर मणी. ‘एकटीच फिरते बाई’ म्हणून रागवायच्याही.

एका नोव्हेंबरात गेले तर वाटेत आडवा चर. जेसीबीनं खणलेला, कडेची माती अजून ओली. सायकल खांद्यावर घेऊन उतरले, पलीकडे चढले. पलीकडे धाकटा उभा, नजर माझ्या हँडलवरच्या जीपीएसवर.

“ताई, तुमच्या त्या मशीनमध्ये तारीख येते ना? वेळ पण?”

येते म्हटलं.

“मागच्या महिन्यात तुम्ही इथून सरळ गेला होतात. चर नव्हता. ते पण असेल मग.”

असेल, म्हटलं. मला ते कुतूहल वाटलं.

मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे वाट चालू होती का आणि बंद कधी झाली, यावर सगळं अडतं. मोठ्याचं म्हणणं, वाट कित्येक वर्षं बंदच आहे आणि चरही जुनाच, आता फक्त साफ केला. गावातलं कुणी साक्षीला येत नव्हतं, सगळ्यांची दोन्ही घरांशी सोयरीक. आणि मी बाहेरची, दर मोसमाची तारीखवार रेघ खिशात घेऊन फिरणारी.

मोठा भाऊ चर ओलांडून आला. हँडलबार धरला. “तुम्ही इथून कधी गेलातच नाही.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. मला आधी चेष्टाच वाटली, मी हसले.

“पुसा ते. आत्ता. माझ्यासमोर.”

बागेतल्या बाया हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. मागून धाकटा ओरडत होता, पुसू नका ताई, पुसू नका. मी हँडलवरचं मशीन काढून जर्सीच्या मागच्या खिशात टाकलं. पुसलं नाही, नाही पुसणार असंही म्हटलं नाही. ओट्यावर मावशी उभ्या होत्या. कठड्यावर बशी झाकून ठेवलेला कप होता, माझाच असणार. त्यांनी तो उचलला आणि आत गेल्या.

हँडलबार कधी सुटला, मी हमरस्त्याला कशी लागले, आठवत नाही. तो कप लख्ख आठवतो.

पुढं महिनाभर धाकट्याचे फोन. “नुसता कागद द्या ताई, तारीख असलेला.” वकील मैत्रीण म्हणाली, दे की, खोटं थोडंच आहे. नवरा म्हणाला, भाऊबंदकीत पडू नकोस. मी दिली नाही. मी कुणाच्याच बाजूची नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पण सहा महिने सरत होते ते धाकट्याचे, मोठ्याचं काहीच सरत नव्हतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. धाकटाही काही साधुसंत नव्हता. विहिरीच्या पाळीवरून त्यानं मोठ्याला जेरीला आणलं होतं असं ऐकलं. त्यातलंही मला अर्धंच ठाऊक, आणि अर्ध्या माहितीवर मी त्यांच्या घरातला कागद व्हायचं नाकारलं. याला भित्रेपणा म्हणायचा तर म्हणा.

तुम्ही म्हणाल, एका भांडणापायी सगळ्या वाटांना कुलूप कशाला? प्रश्न रास्त आहे. रेघ मी पाठवू शकते, दोन मिनिटांचं काम. पण कुठल्या फाटकाशी आधी हाक मारायची, कुठं फवारणी चालू असली तर थांबायचं, कुठल्या बांधावरून उतरून चालत जायचं, आणि यंदा कोण कुणाशी बोलत नाही, हे त्या रेघेत कसं घालू? रेघेला वाटतं सगळा जिल्हा सरकारी आहे. त्यात ती जगभर दिसते. 2018 मध्ये व्यायामाच्या ॲपवरच्या असल्याच रेघांवरून लष्करी तळ उघडे पडले होते. तिथं एका मळ्याचं काय.

आमच्या ग्रुपमधले इतिहासाचे सर याच्याही वरचढ निघाले. म्हणाले, “पांडवलेण्यात दहा नंबरचा लेख वाच. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात. नद्यांवर फुकट होड्या, गोवर्धनात धर्मशाळा. तेच गोवर्धन, जिथून तू गंगापूरच्या बॅकवॉटरला सायकल दामटतेस. तो वाटसरूला फुकट पार करत होता आणि तुला साधी फाईल देववत नाही!” मी म्हटलं, सर, त्यानं स्वतःच्या पैशानं होड्या घातल्या, मी दुसऱ्याचा बांध कसा दान करू? सर म्हणाले, “क्षत्रपांचा पैसा तरी कुठं स्वतःचा होता?” यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

पूर्वीची मी मागेल त्याला फायली वाटायची. ती आज समोर बसली तर म्हणेल, त्या गाडीवाटेवरून दर रविवारी दहा सायकली गेल्या असत्या, तर चर खणायची मोठ्याची छाती झाली असती का? पुराव्याला एकटीच उभी राहिलीस, कारण तू वाट एकटीपुरती ठेवलीस. मी तिला सांगेन, दहा सायकली गेल्या असत्या तर चर दोन वर्षं आधी पडला असता. ती म्हणेल, कशावरून? आणि कशावरून, ते मलाही दाखवता येणार नाही.

तुमची तहान मला कळते. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी चाललेली कामं, डंपर, धूळ. हमरस्त्यावर जीव मुठीत घेऊन कोण चालवेल? म्हणून म्हणते, फाईल मागू नका, सोबत या. मुरूम वाळला की. पाच-सहा जण पुरेत, ड्रोन घरी ठेवा, द्राक्षाच्या मण्याला हात लावायचा नाही, जर्सीवर जाडजूड नावं नसलेली बरी. वाटेत चहा मिळेल, पण कुठं ते आधी फोन करून ठरतं.

मशीन चालू ठेवायचं की बंद, ते तुमचं तुम्ही बघा. मी अजून चालूच ठेवते. ते का, हे विचारलंत तर त्याला मात्र माझ्याकडे एवढंही उत्तर नाही.